मधुमालतीची पेटी

"मुंबईलाच आणणार, की तिकडंच काय ते करणार?"

काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसानं विचारलं. सोमवारची सकाळ होती, दहाला पाच कमी. ऑफिसात मी आणि चहावाल्या मावशी, दोघीच आलो होतो. म्हाताऱ्याच्या अंगात धुतलेला पण इस्त्री नसलेला पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, हातात चार घड्या घातलेला कागद. मला वाटलं, हे काही सामानाबद्दल विचारतायत. आमच्या जहाज कंपनीच्या ऑफिसात लोक चुकून कार्गोची चौकशी करायला येत.

"काय आणणार, काका?"

त्यांनी मान थोडी वळवली, डावा कान माझ्याकडे केला. मी पुन्हा विचारलं.

"हरेश्वरला," ते म्हणाले. "हरेश्वर तांडेल. मधुमालतीवर हाय माझा पोरगा. होता."

मग त्यांनी तो कागद माझ्यापुढे उलगडला.

२००२ सालची, फेब्रुवारीतली गोष्ट आहे. मी चोवीस वर्षांची होते. बॅलार्ड इस्टेटमधल्या त्या कंपनीत नोकरीला लागून मला आठ महिने झाले होते. माझं काम ईमेलचा सर्व्हर सांभाळायचं. कंपनीची अकरा जहाजं होती आणि प्रत्येक जहाजाच्या नावाची एक पेटी आमच्या सर्व्हरवर होती. घरच्यांनी खलाशाला लिहिलेलं पत्र आधी त्या पेटीत येऊन पडायचं. जहाज दिवसातून दोनदा उपग्रहाची जोडणी लावून पेटीतली पत्रं उतरवून घ्यायचं. जोडणी इतकी मंद, की मोठं पत्र उतरायला अर्धा तास लागे. पंधरा मिनिटांनंतर तर ती आपोआप तुटायचीच.

शुक्रवारी दुपारी सर्व्हरची डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली होती. नवी डिस्क मागवली होती, पण ती यायला आठवडा होता. मी सगळ्या जहाजांच्या पेट्यांची मर्यादा आठ एमबीवरून तीनवर आणली, डिस्क आता आणखी भरणार नाही याची खात्री केली आणि खुशीत घरी गेले. पेटी भरली तर पुढची पत्रं सर्व्हर घेणार नाही, लिहिणाऱ्याकडे परत पाठवेल, हे मला ठाऊक होतं. परत पाठवताना सोबत काय लिहून पाठवतो, ते मी कधी वाचलं नव्हतं. तो मजकूर सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये आधीपासूनच होता. इंग्रजीत.

तांडेलांच्या हातातला कागद म्हणजे तेच परत आलेलं पत्र होतं. वर एक ओळ होती, तिच्याखाली जाडसर रेघ आणि रेघेखाली हरेश्वरचं नाव, जहाजाचं नाव. ती ओळ सांगत होती की खालील पत्त्यांच्या बाबतीत 'परमनंट फेटल एरर' झालेले आहेत.

"दापोलीच्या सायबर कॅफेवाल्यानं डिक्शनरी काढून बघितली," तांडेल म्हणाले. "परमनंट म्हणजे कायमचं. फेटल म्हणजे जिवावरचं. एरर म्हणजे चूक, असं बोलला. जहाजावर काय चूक झाली ती आमी विचारीत नाय. फक्त आणनार कुठं, तेवढं सांगा. घरी ओली बाळंतीण हाय, तिला आजून बोललो नाय."

मी म्हणाले, "अहो काका, तसं काही नाही, ते मशीन..." तेवढ्यात मागून आवाज आला.

"पाटकर, थांब जरा."

इब्राहिम परकार दारातच उभे होते, हातात छत्रीसारखी गुंडाळलेली वर्तमानपत्रं. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं ते जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते, खलाशी त्यांना मार्कोनीसाहेब म्हणत. मोर्सचे टिंब-रेघ ऐकता ऐकता केस पांढरे झाले. मग उपग्रह आले, जहाजावरची रेडिओ ऑफिसरची जागाच गेली, आणि कंपनीनं त्यांना किनाऱ्यावर आणून एका टेबलाशी बसवलं. टेबलावर टेलेक्स होता. जहाजाशी चार ओळींचा मजकूर त्यातून जाई, येई. ऑफिसातल्या आम्हा नव्या लोकांना ते थोडे कालबाह्यच वाटत. मलाही वाटत.

त्यांनी कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मग तांडेलांच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"तुमी हर्णैचे?"

"हो."

"मी आंजर्ल्याचा. परकार."

तांडेलांनी मान हलवली. "साहेब, पोरगा हाय का?"

आत्ता ते म्हणतील, आहे, अगदी खुशाल आहे. मी त्या शब्दांची वाट बघत होते.

"मला आत्ता माहीत नाही," परकार म्हणाले. "काल दुपारी बारा वाजता जहाजाचा रिपोर्ट आला, त्यात सगळे बरे होते. हा कागद आजारपणाचा किंवा अपघाताचा नाही. पेटीत जागा नव्हती म्हणून पत्र परत आलंय, एवढंच. पण पोरगा आत्ता कसा आहे, ते मी विचारून सांगतो. दीड-दोन तास लागतील. इथंच बसा. चहा घ्या."

मला त्यांचा राग आला. कुणी असं बोलतं का? दोनशे किलोमीटरवरून रात्रभर एसटीत बसून आलेल्या बापाला 'माहीत नाही' म्हणून सांगायचं? पण तांडेलांच्या चेहऱ्यावर मात्र, कार्यालयात शिरल्यापासून पहिल्यांदा, काहीतरी सैल झालं. त्यांनी पिशवी खांद्यावरून काढली.

परकार माझ्याकडे वळले. "असे किती गेले?"

मी सर्व्हरची नोंदवही उघडली. शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत मधुमालतीच्या पेटीनं सव्वीस पत्रं परत पाठवली होती. चौदा घरांना.

"चौदा घरं," परकार म्हणाले. "आणि प्रत्येक गावात एक डिक्शनरी."

साडेदहाला क्रू मॅनेजर वागळे आले. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "एक खुलासा ईमेलनं सगळ्यांना पाठवून टाका. तांत्रिक अडचण, क्षमस्व, सर्व कर्मचारी सुखरूप. पाच मिनिटांचं काम."

"वाचणार कोण?" परकारांनी विचारलं. "ज्यांनी फेटल वाचलं, ते परत कॅफेत कशाला जातील? ते घरी बसलेत."

"मग फोन करा. फायलीत नंबर आहेत."

"फोन करायचाच आहे. पण सांगायचं काय? सगळे सुखरूप आहेत, असं ऑफिसनं सांगितलेलं कोण मानील? बुडालं असतं तरी ऑफिसनं आधी तेच सांगितलं असतं, हे घरच्यांना ठाऊक असतं."

वागळ्यांना ते आवडलं नाही.

परकार टेलेक्सपाशी बसले. त्यांनी मजकूर आधी पेन्सिलीनं लिहिला, मग त्यातले तीन शब्द खोडले. मी मागून वाचत होते. कप्तानाला लिहिलं होतं: घरी अफवा आहे. आत्ता हजेरी घे. मग प्रत्येकाकडून एक ओळ घे, जी त्याच्या घरच्यांखेरीज कुणालाही ठाऊक नसेल. नावासह पाठव. बाकी काम नंतर.

"हे खासगी आहे, परकार," वागळे म्हणाले. "कंपनीच्या टेलेक्सवर लोकांची खासगी..."

"फेटल तरी खासगी राहिलं का?" परकार म्हणाले आणि बटण दाबलं.

तेवढ्या वेळात त्यांनी मला पेटी का भरली ते शोधायला लावलं. शोधायला काही लागलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी दोन एमबींहून मोठं एक पत्र आलं होतं. जहाज ते उतरवायला घेई, पंधराव्या मिनिटाला जोडणी तुटे आणि पुढल्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याच्या मागची सगळी पत्रं अडकून पडली होती आणि उरलेली जागा शनिवारी दुपारी संपली. पाठवणाऱ्याचं नाव होतं सुवर्णा तांडेल.

मी पडद्यावरचं नाव परकारांना बोटानं दाखवलं. त्यांनी बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाले, "हे तुझ्या-माझ्यातच राहू दे."

वागळ्यांनी नंतर विचारलंच, "कुणाच्या पत्रानं तुंबलं हे सगळं?"

"पेटी लहान होती," परकार म्हणाले.

"मी लहान केली," मी म्हणाले. "शुक्रवारी. आणि सांगितलं कुणालाच नाही."

परकारांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यानंतर दिवसभर त्यांनी मला 'पाटकर' म्हटलं नाही, 'मृणाल' म्हटलं.

पावणेबाराला टेलेक्स खडखडला. कागदाची लांब पट्टी बाहेर येत राहिली. बावीस नावं, बावीस ओळी, रोमन लिपीत, कुणी मराठीत, कुणी हिंदीत, दोघांनी मल्याळीत. हरेश्वरची सहावी होती. परकारांनी ती वाचली आणि उठले. तांडेलांच्या समोर न जाता ते बाकाला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

"पोरानं लिवलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "'बाबा, तुमचा उजवा कान गेलाय हे आईला अजून कळलेलं नाही. मी कुणाला बोललेलो नाही.'"

तांडेलांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"हाय," ते म्हणाले. "पोरगा हाय."

तिथून फोन सुरू झाले. परकारांनी पट्टी फाडून तुकडे केले. उरलेल्या तेरा घरांपैकी केरळातली दोन अकाउंट्समधल्या कुरियनना दिली, सहा स्वतःकडे ठेवली आणि पाच माझ्यापुढे सरकवली.

"मी?" मी म्हणाले. "मला नाही जमणार. तुम्ही त्यांच्या भाषेत बोलता."

"वाचायला येतं ना? आधी नाव सांग. मग ओळ वाच. मग जागा भरली होती ते सांग. याच क्रमानं. माफी शेवटी, आणि एकदाच. फार माफी मागितली की लोकांना वाटतं, अजून काहीतरी लपवतायत."

घरी फोन असलेली घरं थोडीच होती. बाकीच्यांचे नंबर दुकानांचे, शेजाऱ्यांचे, एक तर मच्छी सोसायटीचा. फोन करायचा, कुणाला बोलवायचं ते सांगायचं, दहा मिनिटांनी परत करायचा. माझा तिसरा फोन वेळणेश्वरजवळच्या एका किराणा दुकानात लागला. दुकानदार म्हणाला, "कुणाच्या घरून बोलवू? जांभळ्यांच्या? तिथं सगळे जमलेत, बाई. कालपासून."

दहा मिनिटांनी पुन्हा लावला. पलीकडे धापा टाकल्याचा आवाज आला आणि मागं बरीच माणसं गप्प उभी असल्याचाही. गप्प उभी असलेली माणसं फोनवर ऐकू येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"मंदाकिनी जांभळे?"

"हं."

"मी मुंबईच्या ऑफिसातून बोलतेय. तुमच्या यजमानांनी आज पावणेबाराला जहाजावरून एक ओळ पाठवली आहे. वाचते. 'जाताना तुझ्याशी भांडलो. शिवणयंत्र पुढच्या खोलीत ठेवायचं नाही म्हणालो. ठेव.'"

पलीकडून धापाच ऐकू येत होत्या.

"ताई, ऐकू आलं का?"

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"शेवटचा शब्द परत वाचा."

"ठेव."

मागं कुणीतरी विचारत होतं, काय म्हणतात, काय म्हणतात. ती त्यांना काही सांगत नव्हती. मग मला म्हणाली, "तुमी कोण?"

परकारांनी सांगितलेला क्रम माझ्या डोक्यातून गेला. "ते परत आलेलं पत्र माझ्या मशीननं पाठवलं होतं. जागा भरली होती म्हणून. त्यावर तसं लिहिलेलं होतं ते मी वाचलं नव्हतं."

ती म्हणाली, "मग नीट वाचत जा." आणि फोन ठेवला.

मी पलीकडच्या टेबलाकडे बघितलं. परकार कानाला फोन लावून कुणा म्हातारीशी दालदी मच्छीमारांच्या बोलीत बोलत होते, पेन्सिलीनं पट्टीवर खूण करत होते. मधेच मोठ्यानं हसले. पुढच्याशी बोलताना निव्वळ संगमेश्वरी. त्याच्या पुढच्याशी शाळामास्तरासारखं शुद्ध मराठी. चार वाजेपर्यंत चौदाही घरं झाली. त्यांनी जेवणाचा डबा उघडला नव्हता. तांडेलांना मात्र दीड वाजता आठवणीनं खाली नेऊन जेवू घातलं होतं.

राहिलं होतं ते मोठं पत्र. कंपनीच्या नियमाप्रमाणे शंभर केबींच्या वरचं पत्र मला सरळ काढून टाकता येत होतं, कुणाला विचारायची गरज नव्हती. मी तसं म्हणाले. परकारांनी नकारार्थी मान हलवली आणि तांडेलांना जवळ बोलावलं.

"तुमच्या सुनेचं एक पत्र पेटीत आहे. त्यात फोटो आहेत, मोठे आहेत, जहाजावर उतरत नाहीत. ते उघडून लहान करून पाठवले तर पोचतील. पण उघडायचं तर आमच्या डोळ्यांना दिसणार. पत्र वाचणार नाही, फोटोच बघू. चालेल?"

"माझ्या नातीचे हायत," तांडेल म्हणाले. "बघा की. बघायलाच काढलेत."

मी उघडलं. तीन फोटो. टोपडं घातलेलं, मुठी आवळलेलं बाळ, एकात रडताना, एकात झोपलेलं, आणि एक नुसताच हललेला पांढरा पडदा. मी ते लहान केले, तिन्ही मिळून सत्तर केबी. हललेला वगळू का म्हणून विचारलं, तर तांडेल नको म्हणाले. पावणेसहाला जहाजानं जोडणी लावली. पेटीतलं एकेक पत्र उतरत गेलं आणि आकडा खाली येत येत शून्यावर गेला. तांडेलांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ते माझ्या खुर्चीमागे शेवटपर्यंत उभे होते. मग नमस्कार करून, पिशवी घेऊन गेले. बाळंतिणीला आता काय सांगणार, असं परकारांनी विचारलं, तर म्हणाले, "मुंबईला गेलो होतो, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी परकार माझ्या टेबलाशी खुर्ची घेऊन आले. परत जाणाऱ्या पत्रासोबतचा मजकूर बदलायचा होता. तेव्हा ईमेलमध्ये देवनागरी उमटायची नाही, चौकोन उमटायचे. म्हणून रोमन अक्षरांत मराठी लिहायचं ठरलं, खाली हिंदी, त्याखाली इंग्रजी.

मी सुचवलं, "पहिल्याच ओळीत लिहूया, तुमचा माणूस सुखरूप आहे."

"नको."

"का? तेवढंच तर लोकांना वाचायचं असतं."

"यंत्राला ते माहीत आहे का?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्र्याऐंशी सालची गोष्ट," ते म्हणाले. "अरबी समुद्रात आमचा एक माणूस डेकवरून पडला. बावीस तास शोधला, मिळाला नाही. बंदर चार दिवसांवर होतं. ऑफिसचं ठरेपर्यंत रोजचा रिपोर्ट रोजच्यासारखाच जाऊ दे, असं कप्तान म्हणाला. मी पाठवला. ऑल वेल. चार दिवस, चार वेळा. त्याची बायको रोज ऑफिसला फोन करायची, आणि ऑफिस माझी ओळ तिला वाचून दाखवायचं."

"पण हुकूम होता..."

"मोर्सच्या चावीवर बोट माझं होतं. बंदरात ती आली होती. रडली नाही. मला म्हणाली, मी तारखा लावून बघितल्या, मार्कोनीसाहेब. बस, एवढंच. त्यानंतर मी जे मला ठाऊक नाही ते कधी पाठवलं नाही. आणि जे ठाऊक आहे ते कधी अडवलं नाही."

आदल्या दिवशी तांडेलांना 'माहीत नाही' म्हणणारा माणूस मला त्या क्षणी कळला. त्यांनी चष्मा घातला, पेन्सिल घेतली आणि आम्ही कामाला लागलो. दीड तास लागला. शेवटी उरलं ते असं होतं:

'जहाजाच्या पेटीत जागा नाही म्हणून हे पत्र परत आले आहे. जहाजावरच्या माणसाबद्दल हा कागद काहीही सांगत नाही. दोन दिवसांनी पत्र पुन्हा पाठवा, फोटो असल्यास लहान करून. माणसाबद्दल विचारायचे असेल तर या नंबरवर फोन करा. परकार.'

आणि खाली त्यांच्या टेबलाचा नंबर.

वागळे म्हणाले, नाव कशाला, नंबर पुरे आहे. परकार म्हणाले, नंबर कुणाला ओळखत नाही. नाव राहिलं.

त्या नंबरवर फोन येऊ लागले. पत्र परत आलेल्यांचे थोडे, पत्र न लिहिताच केलेले जास्त. किनारपट्टीवर तो नंबर भिंतींवर, कॅलेंडरांवर, पाकिटांच्या मागे लिहिला गेला असावा. प्रत्येक फोनला परकारांचं एकच उत्तर असायचं, थांबा, विचारून सांगतो. मग टेलेक्स. मग तासा-दोन तासांनी परत फोन. मी पेट्यांवर नजर ठेवायला शिकले. एखादी पेटी मर्यादेच्या ऐंशी टक्क्यांवर गेली की मीच आधी जहाजाला कळवायची, मोठं पत्र असेल तर लिहिणाऱ्याला फोन करायची. तीन वर्षांत पुन्हा कुठल्याही जहाजाची पेटी तुंबली नाही. जिथं जिथं नंतर नोकरी केली, तिथं सर्व्हर हातात आला की पहिल्यांदा मी तो परत पाठवायचा मजकूर उघडून वाचते. बहुतेक ठिकाणी तो कुणीही वाचलेला नसतो.

२००५ च्या मार्चमध्ये परकार निवृत्त होऊन आंजर्ल्याला गेले. त्यांचं टेबल मला मिळालं, टेलेक्ससकट. पुढल्या सोमवारी साडेनऊला फोन वाजला.

"परकारसाहेब हायत का?" एका बाईचा आवाज.

"ते निवृत्त झाले. मी पाटकर."

"आं." ती घुटमळली. "माझा भाऊ वनमालावर हाय. काय झाला नाय, आसंच... बरा हाय ना तो?"

वनमाला जहाजाचा आदल्या दुपारचा रिपोर्ट माझ्या समोरच पडला होता. सगळे बरे होते. सहज म्हणता आलं असतं, आणि ती तेवढ्यावर खूश होऊन फोन ठेवणार होती.

"भावाचं नाव सांगा," मी म्हणाले, "आणि तासाभरानं फोनजवळ थांबा. मी विचारून सांगते."

आणि खुर्ची टेलेक्सकडे वळवली.